बाईंचं खाकरणं

बाईंचा आवाज घरात मावत नसे. शाळेत असताना कवायतीला "सावधान" म्हणायला त्यांनाच उभं करीत, आणि त्यांनी "सावधान" म्हटलं की कुंपणापलीकडच्या रस्त्यावरून जाणारा सायकलवालाही पाय टेकून उभा राही, असं त्यांची आई सांगे. आई सांगेल ते सगळंच खरं धरायचं नसतं. पण बाई चाळिशी ओलांडून गेल्या तरी त्यांनी गॅलरीतून भाजीवाल्याला हाक मारली की शेजारच्या इमारतीतली माणसं पिशव्या घेऊन खाली उतरत, हे मात्र सगळ्यांनी पाहिलेलं होतं.

या आवाजाची सगळ्यांत जास्त गरज आईलाच होती. तिचे कान एकेक करून साथ सोडून गेले होते. आधी दाराची घंटा गेली, मग कुकरची शिट्टी, मग शेजारच्या नवराबायकोची भांडणं. पहिल्या दोन गोष्टींचं तिला फारसं वाटलं नाही. भांडणं गेली त्याचं मात्र मनापासून वाईट वाटलं. बाईंनी कानाचं यंत्र आणून दिलं. आईनं ते एक दिवस लावलं आणि "यात सगळी भांडी एकदम वाजतात" असं म्हणून कपाटात ठेवलं. तेव्हापासून आईला जगातलं एकच माणूस ऐकू येत असे, ते म्हणजे बाई. बाकीच्या जगाचं काय चाललंय ते बाईंनी तिला सांगायचं. बाई सांगतही. घरात त्या दोघीच होत्या. बाईंनी लग्नाला कधी नाही म्हटलं नव्हतं. नुसतं "हा मोसम संपू दे" म्हटलं होतं, आणि मोसम काही संपत नव्हते.

मोसम म्हणजे बायकांच्या फुटबॉलचा. बाई टीव्हीवर सामने दाखवायचं काम करीत. मैदानाबाहेर एक लांबलचक व्हॅन उभी असते. तिच्या पोटात भिंतभर पडदे असतात, आणि मैदानातल्या प्रत्येक कॅमेऱ्याला काय दिसतंय ते त्या पडद्यांवर दिसतं. त्यातलं कुठलं चित्र या क्षणी घराघरात जायचं ते एका माणसानं ठरवायचं असतं. ते माणूस म्हणजे बाई. कानाला हेडफोन, तोंडापुढे माइक, आणि तोंडात एकच शब्द, "घे." बाई म्हणत, "तीन घे," की देशभर तिसऱ्या कॅमेऱ्याचं चित्र. "एक घे," की पहिल्याचं. आईला हे काम समजावताना बाईंनी सांगितलं होतं, "मी नुसती ओरडते आणि लोकांना दिसतं." आई म्हणाली होती, "मग बरोबर. लहानपणापासून तू तेच करतेस."

आता बायकांचे सामने दाखवायचे म्हणजे त्या काळी काय होतं, तर पंगत उठल्यावर राहिलेलं वाढणं. पुरुषांच्या सामन्याला चकाचक यंत्रं जात. त्यांतून जो कॅमेरा डोळा मारायला लागलेला असेल, जी वायर हलवल्याशिवाय चालत नसेल, ती बायकांच्या वाट्याला. माणसंही तशीच, ज्याची त्या दिवशी सुट्टी रद्द झाली असेल तो. दरवेळी नवी माणसं, नवं मैदान, आणि पहिले पाढे पंचावन्न. पडद्यावर खेळाडूंची नावं चुकत. एकदा तर एका गोलरक्षक मुलीच्या नावाऐवजी पूर्ण सामनाभर "येथे नाव लिहा" असं दिसत राहिलं, आणि समालोचकानं एकदोन वेळा ते वाचलंही.

बाईंच्या मनात जो काटा बसला तो मात्र दुसऱ्याच सामन्यात. तेव्हा त्या दिग्दर्शकाच्या हाताखाली होत्या. अंतिम सामना होता. नऊ नंबरच्या मुलीनं, जी एरवी हॉस्पिटलात नर्स होती, मैदानाच्या मध्यावरून असा चेंडू मारला की गोलरक्षक नुसती मान वर करून बघत राहिली. गोल. आणि त्या क्षणी कॅमेरा होता प्रमुख पाहुण्यांवर. पाहुणे थंड पेयाच्या बाटलीचं झाकण उघडायचा प्रयत्न करीत होते. देशभर ती बाटली दिसली. नंतर त्या मुलीचे वडील चिकाटीनं चित्रीकरण मागायला आले. बाईंनी लावून दाखवलं. लोकांचा जल्लोष, आणि पडद्यावर पाहुणे आणि झाकण. वडील बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे गोल ऐकू येतो, दिसत नाही." आणि आभार मानून गेले. त्या आभारांचंच बाईंना जास्त लागलं.

पुढे बाईंना स्वतःला खुर्ची मिळाली तेव्हा त्यांनी ठरवलं की मेहेरबानीवर एखादा सामना होतो, मोसम होत नाही. बायकांचा सामना नळासारखा हवा. कुठल्याही गावात, कुठलाही माणूस, तोटी फिरवली की पाणी. कोण आज खुशीत आहे आणि कुणाची आज सुट्टी रद्द झालीय यावर ते अवलंबून नको.

मग त्यांनी जे काही उभं केलं त्याला सगळे "पेट्या" म्हणत. प्रत्येक कॅमेऱ्याची रंगीत पेटी, आत कुठली वस्तू कुठं बसते त्याची खाच. वस्तू परत गेली नाही तर खाच दात पडलेल्या तोंडासारखी दिसे आणि कळे. प्रत्येक कॅमेऱ्याच्या गळ्यात दोरीनं अडकवलेलं एक कार्ड, त्यावर त्या कॅमेऱ्यानं कधी काय दाखवायचं ते चार ओळींत. सामन्याआधी प्रत्येक मुलीनं माइकपुढे उभं राहून स्वतःचं नाव स्वतः सांगायचं, आणि समालोचकानं ते ऐकूनच खुर्चीत बसायचं. आणि गोल झाला की क्रम ठरलेला: आधी जिनं मारला तिचा चेहरा, मग तिच्याकडे धावणाऱ्या मैत्रिणी, मग हरलेली गोलरक्षक, मग पुन्हा गोल. शेवटची ओळ सगळ्या कार्डांवर सारखीच होती: "पाहुणे शेवटी."

चॅनेलचे साहेब, ज्यांच्या सहीशिवाय व्हॅन जागची हलत नसे, ती ओळ वाचून म्हणाले होते, "हे जरा सभ्य भाषेत लिहा."

बाई म्हणाल्या, "लिहिलं होतं. सभ्य भाषेत कुणाला कळलं नाही."

पेट्या मैदानामागून मैदानं फिरल्या. माणसं बदलत, पण काही टिकली. त्यांतले मामा मुख्य कॅमेऱ्यावर असत. म्हणजे उंच लोखंडी मचाणावर. मामांना उंचीची भयंकर भीती. ते दरवेळी स्वतःला दोरीनं मचाणाला बांधून घेत, आणि सामना संपला की गाठ सुटत नसे. मग सगळे आवरून निघाले तरी मामा वर बसून खालच्यांच्या पूर्वजांचा उद्धार करीत. दुसरा कानसेन. आवाज सांभाळणारा. त्याला तान घेता येत नसे, म्हणून तानसेन नाही. तो बाईंच्या मागे बसे, आणि बाईंचा शब्द मैदानभरच्या हेडफोनांत पोचवणं हे त्याचं काम. तिसरी चिमणी, बाईंची मदतनीस. हिचा आवाज इतका बारीक की ती बोलली तर माणूस आधी खिडकीकडे बघे.

आणि बाई खाकरू लागल्या.

नेमकं कधी ते कुणाला सांगता येणार नाही. "घे" म्हणण्याआधी घसा साफ करायची त्यांना सवय लागली. ख्हम्, "दोन घे." ख्हम्, "एक घे." आईनं मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगितलं. बाईंनी आठवडाभर केल्या आणि मोसम सुरू झाला. मग त्याच्याकडे कोण बघतो? व्हॅनमध्ये तर कुणी बघितलंच नाही. गंमत म्हणजे, त्या वर्षापासून बाईंचे सामने जास्तच सुबक दिसू लागले. चित्र बदलताना कुठं हिसका नाही, धूसरपणा नाही. लोण्यातून सुरी जावी तसं. साहेब खूश झाले. पुढच्या मोसमात एकाच दिवशी तीन मैदानांवर तीन सामने दाखवायचं त्यांनी ठरवलं. पण एक अट घातली.

"बाई, तुम्ही तर एकच आहात."

"आणखी हव्यात की काय? आई एकीलाच कंटाळलीय."

"तुमच्याशिवाय हे चालतं, हे एकदा दाखवा. नाही चाललं तर तीन सोडा, एकाचंही कठीण आहे. वरचे लोक म्हणतात, हा एका बाईचा हट्ट आहे. बाई गेली की संपलं."

बाईंना राग आला नाही, कारण कुणा एकावर अवलंबून नको ही अट मुळात त्यांचीच होती; साहेबांनी फक्त सही केली. त्यांनी चिमणीला खुर्चीत बसवायचं ठरवलं. सराव सामना, ओळखीचं मैदान, सगळी जुनी माणसं, पेट्या जागच्या जागी. बाई स्वतः व्हॅनच्या दाराशी स्टुलावर बसल्या आणि तोंडाला कुलूप लावलं. त्यांच्या ओळखीतल्या एकाही माणसानं असं दृश्य पूर्वी पाहिलेलं नव्हतं.

आणि सामना हातातून गेला. चिमणी म्हणे "दोन घे," तर दोन नंबर अजून मान फिरवतोय. "तीन घे," तर तीनचं चित्र धुक्यात. मामांच्या कॅमेऱ्यानं एकदा नुसतं आभाळ दाखवलं. चिमणीनं बाईंसारखाच वेळ साधला होता, बाईंचेच शब्द वापरले होते, कार्डाबाहेर एक पाऊल टाकलं नव्हतं. तरी प्रत्येक चित्र बोट चेपल्यासारखं दचकत होतं. मागे उभे असलेले साहेब घड्याळाकडे बघायला लागले.

मध्यंतरात चहा आला. चिमणी रडायच्या बेताला आलेली. कॅमेरेवाले व्हॅनपाशी जमले. मामांची दोरी सोडून त्यांना खाली आणलं होतं. कुणाला काही उमजत नव्हतं. शेवटी मामा कपात बघत म्हणाले, "बाई, राग मानू नका. पोरगी चांगली आहे. पण ती खाकरत नाही."

"काय?"

"तुम्ही आधी खाकरता. तुम्ही खाकरलात की आम्हाला कळतं, आता कुणाचं तरी घेणार. मग जो तो हात रोखून, श्वास धरून उभा. मग तुम्ही म्हणता घे. ही एकदम घे म्हणते. अहो, जेवायला बसायच्या आत ताट उचलल्यासारखं होतं."

दोन नंबरवाला म्हणाला, "माझंही तेच." तीन नंबरवाला म्हणाला, "मला वाटलं मीच एकटा." आणि मग सगळे हसायला लागले. चिमणीही डोळे पुसत हसली.

"म्हणजे इतकी वर्षं मी तुम्हाला गुरांसारखी हाकत होते," बाई म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांना अशी उबळ आली की स्टुलाला धरून उभं राहावं लागलं.

कानसेन तेवढा हसला नव्हता. सगळे पांगल्यावर तो बाईंना आत त्याच्या जागेवर घेऊन गेला. तिथं वरखाली सरकणाऱ्या पट्ट्यांची रांग होती. त्यानं एकीवर बोट ठेवलं.

"ही तुमच्या आवाजातला खरखरीत भाग कमीजास्त करणारी. पूर्वी इथं असायची, मधोमध. गेल्या मोसमात तुमचा आवाज फाटायला लागला. घरघर यायची. मुलांना शब्द कळावा म्हणून मी घरघर कापायला लागलो. दर सामन्याला थोडी थोडी."

पट्टी अगदी तळाशी टेकलेली होती.

"आता खाली जागा नाही, बाई. पट्टी संपली."

"मग बोलला का नाहीस रे?"

कानसेन मान खाली घालून म्हणाला, "मला वाटलं माइक बिघडलाय. दोन बदलले मी."

बाईंनी बोट लावून पट्टी आणखी खाली ढकलून पाहिली. त्यांच्या आवाजावर इतकी माणसं कान ठेवून होती, आणि प्रत्येकानं आपापलं काम चोख केलं होतं. कॅमेरेवाल्यांनी खाकरण्याची खूण करून घेतली, कानसेननं घरघर कापून टाकली, बाईंनी चित्रं सुबक झाली म्हणून समाधान मानलं. त्यांनी उभी केलेली व्यवस्थाच इतकी चांगली होती की तिनं दुखणंसुद्धा कामाला लावलं होतं.

डॉक्टर तरुण होते आणि सभ्य होते. त्यांनी नळी घालून पाहिलं, तुकडा तपासायला पाठवला, आणि बाईंना पुन्हा बोलावून खुर्ची जवळ ओढली. डॉक्टर खुर्ची जवळ ओढतात तेव्हा काय ते माणसाला कळतंच. स्वरयंत्रात गाठ होती. वेळेवर आला असतात तर आवाज वाचवता आला असता. आता जीव वाचवायचा तर स्वरयंत्रच पूर्ण काढावं लागेल. श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून घ्यायचा. पुढेमागे एखादं यंत्र बसवून बोलता येतं, पण तो आवाज तुमचा नसेल, पेटीतून आल्यासारखा वाटेल.

"इतके दिवस घसा बसलेला, घरच्या कुणाच्या लक्षात नाही आलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"घरी आईला ऐकू येत नाही," बाई म्हणाल्या, "आणि कामावर सगळे फार लक्ष देऊन ऐकत होते."

डॉक्टरांना ते कळलं नाही. त्यांनी तारीख दिली. ती मोसमाच्या आधीची होती, आणि मधे थोडेच दिवस होते. त्या दिवसांत बाईंना एकच गोष्ट करायची होती, ती म्हणजे चिमणीला उभं करणं. साहेबांनी दुसऱ्या सराव सामन्याला मोठ्या मिनतवारीनं हो म्हटलं होतं, आणि तो फसला तर पेट्या गोदामात जाणार होत्या.

पहिला विचार साधा होता. खाकरण्याऐवजी एखादा शब्द ठेवावा. चिमणी "तयार" म्हणू लागली. कॅमेरेवाल्यांनी प्रामाणिकपणे प्रयत्न केला, पण कान ऐकेनात. "तयार" म्हटलं की ते तयार व्हायचं सोडून "कोण तयार?" असा विचार करीत, आणि तेवढ्यात "घे" येई. मग "सावध" करून बघितलं. मामांनी ते ऐकून मचाणच घट्ट धरलं. टेबलावर टकटक केली, तर तीन नंबरवाल्याला वाटलं कुणी दार वाजवतंय. माणसाच्या कानाला एकदा वळण लागलं की मारून मुटकून बदलत नाही.

तेव्हा बाईंनी चिमणीला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "खाकर."

चिमणी खाकरली. मांजरीच्या पिल्लाला शिंक आली असावी तसा आवाज झाला.

"असं नाही. हे लग्नात स्टेजवर जाताना खाकरतात तसं झालं. पोटातून नको, घशाच्या मागून. जणू काही अडकलंय आणि ते जात नाही."

"बाई, पण माझ्या घशात काहीच नाही."

"नशीब आहे तुझं. तरी कर."

ते दृश्य कानसेननं पाठ फिरवून ऐकलं. ज्यांच्या घशात होतं त्या बाई, ज्या पोरीच्या घशात काही नव्हतं तिला, एक शब्दही बोलायचा त्रास होत असताना, खाकरायला शिकवत होत्या. ख्हम्. आणखी खालून. ख्हम्. आता घे. चिमणी शिकत गेली. मधेच ती थांबून म्हणाली, "मला नाही जमणार हे. तुमचं आजारपण मी कसं काय वापरू?"

"मग काय टाकून देऊ?" बाई म्हणाल्या. "मला तरी कुठं काही कामाचं वाटत होतं ते? आता कामाचं निघालंय तर वापर."

दुसरा सराव सामना झाला. चिमणी खाकरली, आणि मैदानभर हात रोखले गेले. चित्र लोण्यातून गेलं. दुसऱ्या अर्ध्यात गोल झाला. आधी मुलीचा चेहरा, मग मैत्रिणी, मग गोलरक्षक, मग पुन्हा गोल. साहेबांनी या वेळी घड्याळाकडे बघितलं नाही. बाहेर पडताना त्यांनी बाईंना हात जोडले आणि म्हणाले, "तुमच्याशिवाय चाललं हो."

बाई म्हणाल्या, "तेच तर हवं होतं." खरं तर तेच हवं होतं. घरी जाताना मात्र त्या बस सोडून पायी गेल्या.

हॉस्पिटलात जायच्या आदल्या दुपारी त्या आईजवळ बसून राहिल्या. आईला त्यांनी "घशाचं लहानसं ऑपरेशन" एवढंच सांगितलं होतं. डॉक्टरांनी बोलू नका म्हटलं होतं, पण उरलेला आवाज उद्या कुठं जपून ठेवणार? बाई बोलत राहिल्या. बोलायला मोठं काही सुचेना. आयुष्यभर ज्यांनी "घे" एवढंच म्हटलं त्यांना भाषण कुठून येणार? त्यांनी आईला शेजारच्या नवराबायकोचं भांडण सांगितलं, जे त्या दिवशी झालंच नव्हतं. मामांची गाठ कशी सुटत नाही ते सांगितलं. भाजी काय महाग झालीय ते सांगितलं. आई ऐकता ऐकता खुर्चीतच झोपली. बाई तिच्याकडे बघत आणखी थोडा वेळ बोलल्या.

बाई घरी आल्या तेव्हा गळ्याला रुमाल होता. आईनं विचारलं, "झालं का गं बरं?" बाईंचे ओठ हलले. आईनं कान पुढे केला. बाईंचे ओठ पुन्हा हलले. आईनं हातानं कान दाबून सोडला, दुसरा कान पुढे केला, आणि मग तिचा चेहरा हळूहळू पडला.

"गेले," आई म्हणाली. "तुझाही आवाज गेला गं. आता काहीच नाही उरलं."

बाईंना वाटलं आईला कळलं. पण आई आपल्याच कानांवरून हात फिरवत होती.

"तू हॉस्पिटलात होतीस तेव्हाच मला वाटत होतं, फार शांत शांत झालंय. शेवटी माझे कान पुरते बसले." आणि बाईंच्या डोळ्यांत पाणी बघून ती म्हणाली, "अगं, तू कशाला रडतेस? कान माझे गेलेत. तुझं काय गेलंय?"

बाईंनी कागद ओढला. पेन उघडलं. मग पेन बंद केलं. ते दुःख आईनं आपलं म्हणून घेतलं होतं. ते तिच्या हातातून काढून आणखी मोठं हातात द्यायचं, हे त्यांना जमलं नाही. पुढे आईनं स्वतःहून कपाटातलं यंत्र काढून लावलं, आणि भांडी ऐकू आली, मुलगी ऐकू आली नाही, तेव्हा "यंत्रही बिघडलंय" म्हणून परत ठेवलं. माइक बदलणारा कानसेन बाईंना त्या वेळी आठवला.

मोसमाचा पहिला दिवस आला. तीन मैदानं, एकाच दुपारी. बाईंनी जायचं नाही असं ठरलं होतं. गळ्यातल्या भोकात धूळ जाऊ नये म्हणून, असं डॉक्टर म्हणाले. व्हॅनमध्ये आपण नुसतं बसून बघणार कसं म्हणून, असं बाईंना वाटत होतं. सकाळी चिमणी येऊन छापलेलं नवं कार्ड दाखवून गेली. सगळं जुनंच होतं, फक्त दिग्दर्शकाच्या कार्डावर वर एक ओळ वाढली होती: "प्रत्येक 'घे'च्या आधी खाकरावे."

"साहेब म्हणाले हे काढा, बरं दिसत नाही," चिमणी म्हणाली. "मी म्हटलं, सर, ही सिस्टिम आहे."

बाई हसल्या. हसण्याचा आवाज झाला नाही.

कानसेननं आणखी एक गोष्ट केली होती. व्हॅनमधलं बोलणं ऐकू येईल अशी त्यानं फोनवर सोय करून दिली. दुपारी आई टीव्हीपुढे बसली, बाई तिच्या शेजारी, फोन कानाला. पडद्यावर मुली मैदानात येत होत्या. प्रत्येकीचं नाव बरोबर होतं. फोनमध्ये चिमणीचा आवाज आला. ख्हम्, "एक घे." ख्हम्, "दोन घे." अगदी घशाच्या मागून.

मग कानसेननं, बाईंना गंमत दाखवावी म्हणून, दुसऱ्या मैदानाचा आवाज जोडून दिला. तिथं बाईंनी कधी न पाहिलेली कुणी मुलगी खुर्चीत होती. चिमणीनं तिला शिकवलं होतं, बाई हॉस्पिटलात असताना. तीही तशीच खाकरली. ख्हम्, "तीन घे." मग तिसरं मैदान. तिथं एक पुरुष होता, भारदस्त आवाजाचा. त्याला तर घसा साफ करायची काही गरजच नसावी. तोही खाकरला. तीन मैदानांवर, ठणठणीत गळ्याची तीन माणसं, बाईंच्या दुखण्याच्या सुरात खाकरत होती, आणि ते दुखणं कुणाचं ते तिसऱ्याला बहुधा ठाऊकही नव्हतं. त्याच्यासाठी ती कार्डावरची एक ओळ होती. बाईंना हवं होतं ते हेच. नळ सुरू झाला होता. पाणी कुठून येतं ते विचारायला आता कुणी थांबणार नव्हतं.

पडद्यावर एका बारकुड्या मुलीनं दोघींना चुकवून चेंडू जाळ्यात मारला. बाईंच्या अंगानं सवयीप्रमाणं घसा साफ करायचा प्रयत्न केला. गळ्यावरचा रुमाल नुसता हलला. ओठ म्हणाले, "घे."

त्याच क्षणी त्या मुलीचा चेहरा पडदाभर आला. घामानं भिजलेला, स्वतःवर विश्वास न बसलेला. मग मैत्रिणी. मग गुडघ्यांवर बसलेली गोलरक्षक.

आईनं बाईंकडे वळून बघितलं. तिला ओठ हललेले दिसले होते.

"काय म्हणालीस?"

बाईंनी मान हलवली. काही नाही.

"सांग की. मला येत नाही ऐकू, म्हणून बोलायचं बंद करू नकोस," आई म्हणाली आणि खुर्ची वळवून, टीव्हीकडे पाठ करून, बाईंच्या तोंडाकडे बघत बसली. "तू बोलत राहा. मी बघते."

फोनमध्ये कुणीतरी खाकरलं. पडद्यावर पाहुणे आले, शेवटी. बाईंनी फोन बाजूला ठेवला आणि आईला त्या मुलीचं नाव सांगायला लागल्या.